बसलेला हात आणि बदललेली रीत

हात एकदां एका रीतीवर बसला म्हणजे तो सोडविणें कठीण जातें. सुताराला येणारा हा अनुभव अवघ्या तीन तपांच्या वेबच्या धंद्यालाही आला.

टिम बर्नर्स-ली यांनीं इ. स. १९८९ मध्यें जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सुलभपणें मिळावी म्हणून. मथळा कोणता, परिच्छेद कोणता, एवढेंच तिची एचटीएमएल ही लेखनपद्धति सांगे. शोभेचा विचार तींत फारसा नव्हता. पुढें व्यापारी मंडळी आली आणि पानें नटवावीं अशी मागणी झाली. तेव्हां कारागिरांनीं आंकड्यांसाठीं असलेलीं कोष्टकें मांडणीस जुंपलीं. एका कोष्टकांत दुसरें, त्यांत तिसरें. आणि अंतर राखण्यास इवलालीं पारदर्शक चित्रें! डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या ग्रंथानें या युक्तीचा मोठा प्रसार केला. पानें देखणीं झालीं. परंतु एक रंग बदलावयाचा तरी पानामागून पान उघडावें लागे, आणि अंधांना मजकूर वाचून दाखविणारीं साधनें त्या जाळ्यांत अडखळत.

उपाय मात्र आधींच सुचला होता. सर्नमध्येंच काम करणारे होकोन व्हिउम ली यांनीं १९९४ सालीं मजकूर एकीकडे व रूप दुसरीकडे ठेवण्याची योजना मांडली; तीच सीएसएस. डिसेंबर १९९६ मध्यें ती प्रमाण ठरली. पण ब्राउझर ती धड पाळीनात, म्हणून कारागीर जुनें सोडीनात. ब्राउझर करणाऱ्यांनीं प्रमाणें पाळावींत यासाठीं १९९८ मध्यें वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट ही चळवळ उभी राहिली.

विशेष हें कीं, त्याच्या आदल्याच वर्षीं खुद्द सीगल यांनीं लेख लिहून वेब बिघडविल्याचा दोष स्वतःकडे घेतला होता. ज्या युक्तीनें कीर्ति दिली, तिलाच चूक म्हणणें सोपें नव्हे.

इतरांची शंका फिटण्यास प्रत्यक्ष उदाहरण लागलें. २००३ मध्यें कॅनडांतील डेव्ह शे यांनीं ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलें. एचटीएमएलचें पान एकच. त्यास हात न लावतां अनेक कलावंतांनीं केवळ सीएसएस बदलून त्याला निरनिराळीं रूपें दिलीं.

मग जुन्या कारागिरांचें शिक्षण फुकट गेलें काय? नाहीं. कोष्टकें गेलीं, पण रकान्यांची प्रमाणबद्धता ओळखणारी नजर राहिली. २०१७ मध्यें प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आली, तेव्हां रकाने व ओळी यांची हीच मांडणी सरळ मार्गानें करतां येऊं लागली. ज्यांनीं नजर राखून हात पुन्हां विद्यार्थ्याचा केला, त्यांना ती नवी वाट फारशी परकी वाटली नसावी.