सिद्दी स्त्रियांची कवंदी

गोव्याच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले, ते बहुतांशी फिरंगी दप्तरे, ताम्रपट आणि परदेशी प्रवाशांची वृत्ते यांच्या आधारे झाले. ज्यांच्या हाती कधी लेखणी आली नाही त्यांचा इतिहास कोठे शोधावा, हा प्रश्न त्यामुळे बाजूसच राहिला. उत्तर कानड्यातील सिद्दी स्त्रिया जी गोधडी शिवतात, तिचा विचार या संदर्भात व्हावयास हवा असे आम्हांस वाटते.

१५१० साली अल्बुकर्कने गोवे घेतले आणि पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येथे गुलाम आणण्याचा व्यापार वाढत गेला. लिन्स्खोतेन हा डच प्रवासी १५८३ मध्ये गोव्यास आला. १५९६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने शहरातील भररस्त्यावरच्या लिलावाचे वर्णन केले आहे. तेथे इतर जिनसांबरोबर माणसेही विकली जात. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात असलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशानेही हेच लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्याचा हुकूम निघाला तो १८६९ साली. मधल्या साडेतीन शतकांत ज्यांना संधी साधली ते पळाले, आणि घाट चढून रानात शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला आणि सुपे या भागांतील सिद्दी हे बव्हंशी त्यांचेच वंशज. सर्वच गोव्याहून आले असे मात्र नव्हे. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. घरची बोली कोकणीच्या जवळची, तींत मराठी आणि कानडी शब्दांची सरमिसळ.

त्यांच्या गोधडीस कवंदी म्हणतात. आपल्याकडील वाकळ जिने शिवली आहे, तिला कवंदीची रीत पाहून नवल वाटेल. आपल्याकडे साधारणतः आधी थर रचून टाचतात, मग उभेआडवे दोरे घालतात, आणि शेवटी कडेला मगजी लावली म्हणजे काम संपले. कवंदीचे याच्या उलट आहे. जुने लुगडे जमिनीवर पसरून त्याची कड आत मुडपावयाची आणि एका कोपऱ्यापासून चिंध्या लावीत, धावदोरा घालीत कडेकडेने निघावयाचे. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आतून दुसरा. ठिगळ जोडणे आणि थर शिवणे ही दोन कामे येथे वेगळी नाहीतच. एकाच टाक्यात दोन्ही होतात. शेतातली आणि रानातली मजुरी सांभाळून फावल्या वेळी हे चालते, त्यामुळे महिने लोटतात. कड सर्वांत आधी पुरी होते आणि काम मध्यावर येऊन मिटते. काही स्त्रिया मध्यभाग बंद करण्यापूर्वी आत तांदळाचे चार दाणे घालतात. कवंदीचे पोट रिकामे राहू नये, असा त्यामागील भाव.

तरीही कवंदी पुरी झाली असे म्हणत नाहीत. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेले रंगीत त्रिकोण बसवावे लागतात. त्यांस 'फुला' म्हणतात, म्हणजे आपली फुलेच. ह्या फुलांनी ऊब तिळभरही वाढत नाही. तथापि त्यांच्यावाचून कवंदी उघडीनागडी दिसते, असे सिद्दी स्त्रियांनी हेन्री ड्रूएल या अमेरिकन कलेतिहासकारास सांगितले. मजुरीवर पोट असणाऱ्या घरात निव्वळ शोभेसाठी, अंगावर घ्यावयाच्या पांघरुणास असे कोपरे शिवले जातात, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

कवंदी ही आफ्रिकेची जिवंत आठवण आहे, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. ठिगळांच्या बेधडक मांडणीत आणि रंगांच्या उसळीत आफ्रिकी वस्त्रकलेशी नाते दिसते खरे. परंतु जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवणे ही अवघ्या दख्खनची चाल आहे, आणि कवंदी हे नावही कानडी 'कौदी'चे सख्खे नातलग दिसते. आमच्या मते या लोकांनी शिवण येथली घेतली आणि मांडणी आपली केली. नव्या मुलखात रुजण्याचा याहून स्पष्ट दाखला दप्तरांत मिळणे कठीण.

पोर्तुगीज धनिकांसाठी बंगालात सातगावकडे रेशमाने भरलेल्या रजया तयार होत. 'कोलचा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रजयांपैकी काही आज लिस्बन, लंडन आणि बोस्टन येथील संग्रहालयांत जपल्या आहेत. त्या रजया ज्यांच्या पलंगावर होत्या, त्यांच्या दारी राबणाऱ्यांची पांघरुणे मात्र कोणी जपली नाहीत. ती वापरून विरली आणि पुन्हा दुसऱ्या गोधडीच्या थरात गेली. कवंदीची गाठ संग्रहालयांशी पडली ती या शतकात. २०११ साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात तिचे प्रदर्शन भरले. इकडे उत्तर कानड्यातील सिद्दींस अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला होता. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील त्यांच्या बांधवांना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले.