सिकलसेल आणि वर्धा जिल्हा : एका विशेषणाचा इतिहास

विदर्भात सिकलसेलचा उल्लेख पुष्कळदा ‘आदिवासींचा आजार’ असा होतो. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात हे विशेषण तपासून पाहणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. रोग मात्र त्या मर्यादेत राहिलेला नाही.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा शृंखलेत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये निश्चित केले. एवढ्याशा फरकाने, प्राणवायू कमी पडताच, तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास बालवयातही पक्षाघात होतो. अशा रीतीने रक्तातील दोष मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतो.

भारतात हा गुण प्रथम १९५२ मध्ये नोंदला गेला. लेहमान व कटबुश यांना तो निलगिरीतील आदिवासींत आढळला. त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांवरील मजुरांतही तो दिसून आला. १९५८ मध्ये शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातील या गुणाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पुढील सर्वेक्षणांत विदर्भातील गोंड व परधान यांच्याबरोबरच पूर्वाश्रमीचे महार, तसेच कुणबी व तेली यांतही तो आढळला. निलगिरीतील पहिल्या नोंदीशी जुळणारे विशेषण मात्र टिकून राहिले.

वस्तुतः या गुणाचा प्रसार जातीने ठरत नाही. एकाच पालकाकडून तो मिळालेल्या वाहकास घातक मलेरियापासून काही संरक्षण लाभते, असे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. त्यामुळे मलेरियाग्रस्त प्रदेशात तो टिकला. आणि जातीअंतर्गत विवाहांच्या रूढीने तो त्या त्या समाजात साठत गेला. कारण भूप्रदेशात व विवाहपद्धतीत आहे, कोणाच्या कुलात नव्हे.

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर आदिवासीबहुल क्षेत्रांवर आहे, आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. हा भर योग्यच होय. तथापि ‘हा आपला आजार नव्हे’ अशा समजुतीने जे कुटुंब तपासणीस जात नाही, त्यातील वाहक वधूवरांस धोक्याची कल्पना येत नाही. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. दुसऱ्या बाजूस, तेच विशेषण आदिवासी तरुणांवर अकारण कलंक लादते.

सारांश, चुकीचे विशेषण एका समाजास दोषी ठरविते आणि दुसऱ्यास गाफील ठेवते. वर्धा जिल्ह्यात सिकलसेलला जातीचे वा जमातीचे नाव न देता ‘वंशागत रक्तविकार’ एवढेच म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने यथार्थ आणि लोकहिताच्या दृष्टीने आवश्यक आहे.