धावपट्टीचे डांबर आणि ७५ ठोके

रस्त्याला चालणारे डांबरी मिश्रण धावपट्टीला का चालत नाही? उत्तर टायरमध्ये आहे. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम असतो. मोठ्या जेट विमानाच्या टायरमध्ये तो १४ च्या घरात जातो. जमिनीवरचा दाबही तेवढाच धरला, तर २० टन भार पेलणारे चाक जेमतेम ३८ सेंमी. बाजूच्या चौरसावर टेकते. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.)

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमाने जड होत गेली आणि अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांना धावपट्ट्या तर तातडीने हव्या होत्या. मिश्रणात डांबर कमी पडले तर खडी सुटते, जास्त झाले तर उन्हात थर मऊ होऊन चाकोऱ्या पडतात. मग नेमके किती घालायचे? मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल यांनी १९३९ च्या सुमारास यासाठी एक सुटसुटीत कसोटी बसवली होती. १९४३ पासून लष्कराने व्हिक्सबर्ग येथील प्रयोगकेंद्रात ती पारखायला घेतली.

कृती साधी आहे. गरम मिश्रण सुमारे १० सेंमी. व्यासाच्या साच्यात भरायचे, साडेचार किलोचा हातोडा ४५ सेंमी.वरून दोन्ही बाजूंवर पाडायचा. तयार वडी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून मग दाबायची. ती किती भार सोसते आणि तोवर किती चेपते, या दोन्हींची नोंद करायची. डांबर वाढवत नेले की सोसण्याची ताकद आधी वाढते, मग उतरते. शिवाय वडीत तीन ते पाच टक्के पोकळी राहिलीच पाहिजे. नाहीतर वाहतुकीने आणखी दबताना डांबराला जायला जागाच उरत नाही.

पण ठोके किती? आमच्या मते खरे विज्ञान इथे आहे. व्हिक्सबर्गला चाचणीपट्ट्यांवर जड चाके पुन्हा पुन्हा फिरवली आणि त्यांखाली थर जितका घट्ट झाला तितकाच घट्टपणा वडीत येईल असे ठोके ठरवले. आधी ५० ठरले. पुढे टायरचे दाब वाढल्यावर ७५ झाले.

जेट विमानांनी दुसरीच अडचण आणली. त्यांचे इंधन केरोसीनच्या जातीचे, आणि केरोसीनमध्ये डांबर विरघळते. म्हणून विमाने उभी राहतात, इंधन भरतात, तिथे बहुधा काँक्रीट दिसते.

मार्शलचा हातोडा आपल्याकडील स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांतही असतो. जवळच्या महाविद्यालयात विचारल्यास विद्यार्थ्यांना तो पाहता येईल. आवाज मात्र बराच होतो.