सुरतचं तिसरं गाळण

मंडळी, अक्कलकुव्यात बसून सुरतच्या सांडपाण्यावर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण प्रकाशाच्या बॅरेजवरून जाणारी तापीच पुढे उकाईला अडते आणि सुरतच्या नळाला येते. उकाई धरण 1972 साली पूर्ण झालं. त्यात नवापूरकडचीही गावं गेली. आणि पांडेसरा, उधना, लिंबायतमध्ये खानदेशी माणूस किती, हे मी तुम्हाला काय सांगू!

पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या गिरण्या. त्यांना पाणी भरपूर लागतं, आणि तेही मऊ. लोह किंवा क्षार जास्त असले की रंगाची छटा बिघडते, डाग पडतात. मलशुद्धीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो. पण विरघळलेलं मीठ जिवाणू खात नाहीत, वाळूही अडवत नाही.

म्हणून 2014 मध्ये सुरत महापालिकेनं बमरोलीला रोज 4 कोटी लिटरचं तिसऱ्या टप्प्याचं केंद्र सुरू केलं. आधी वाळूची गाळणी, मग अल्ट्राफिल्ट्रेशन, मग आरओ. क्रम महत्त्वाचा हं. बारीक गाळ आधी काढला नाही तर आरओचा पडदा तुंबतो. यातली वाळू काही नवी नाही. 1829 साली लंडनमध्ये जेम्स सिम्प्सननं टेम्सचं पाणी तिच्यातूनच गाळलं होतं, पण ते पिण्यासाठी.

उकाईत ज्याच्या आजोबाचं शेत गेलं, असा एखादा पोरगा आज पांडेसऱ्यात कापड बुडवत असेल, तर ते पाणी तापीचंच. फक्त आधी शहरभर फिरून आलेलं. आता आरओतून उरलेलं खारं पाणी जातं कुठे, असं मागून कुणीतरी विचारलं. तिकडेच येतो.