येरळेची वाळू आणि बळीराजा धरण

तिकडं ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस नावाचं जनावर आहे. चोच बदकासारखी, अंडी घालतं आणि पिलांना दूधही पाजतं! नदीकाठची माणसं पहाटे, दिवेलागणीला काठावर बसून ते दिसतंय का याची नोंद ठेवतात. ते दिसलं, तर नदी जिती आहे म्हणायचं.

आमच्या येरळेत प्लॅटिपस कुठला? आमची खूण वाळू. साताऱ्याच्या खटाव भागातून येरळा सांगलीत उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पाऊस कमी, त्यामुळं वर्षातला बराच काळ पात्र कोरडंच. पण खालची वाळू स्पंजासारखं पाणी धरते. त्यावरच काठच्या विहिरी जगतात.

१९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. पाठोपाठ दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडून बायकांचे हात सोलले. किती दिवस खडी फोडायची, दुष्काळच का हटवू नये, हा प्रश्न तिथूनच पुढं आला. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर त्यात होते.

तेव्हा ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू शहराकडं नेत होते आणि विहिरी तळाला जात होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी वाळूउपसा अडवला. मग उलटा हिशेब मांडला: थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू. शासनाशी बरंच भांडावं लागलं. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले, शहरातली पोरं श्रमदानाला आली. १९९० च्या सुमारास धरण उभं राहिलं. नाव बळीराजा. दिवाळीला ओवाळताना आपण ज्याचं राज्य मागतो, तोच.

आम्हाला यातली सगळ्यात मोठी गोष्ट भिंतीची नाही वाटत. पाणी सगळ्यांना सारखं आणि भूमिहीनालाही वाटा, असं त्या लोकांनी ठरवलं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

वाळूच्या गाड्या अजून रात्रीच्या फिरतात. आम्ही गटानं दोरीला गाठी मारल्यात, परसापरसावर एक. दर अमावस्येला तीन विहिरींत दोरी सोडतो आणि किती परस पाणी उरलं ते कर्जाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो. गेल्या वेळी मधली विहीर एक गाठ खाली गेली होती.