रासायनिक धोके व कामगारांचा माहितीचा हक्क

कारखाना, गोदाम, प्रयोगशाळा, शेत इ. कामाच्या ठिकाणी हाताळाव्या लागणाऱ्या रसायनांचे गुणधर्म, त्यांपासून संभवणारे अपाय व बचावाचे उपाय कामगारास कळविण्याचे मालकावरील बंधन आणि ते जाणून घेण्याचा कामगाराचा हक्क. यंत्रात हात सापडण्याचा वा उंचावरून पडण्याचा धोका कामगारास स्वतःच्या अनुभवाने ओळखता येतो. रसायनांचे तसे नाही. काही विषारी द्रव्यांना रंग वा वास नसतो, तर काहींचा परिणाम दहा-वीस वर्षांनी प्रगट होतो. त्यामुळे हा धोका दुसऱ्या कोणीतरी सांगावा लागतो. या विषयाचा इतिहास पाहता, धोक्याचे ज्ञान बहुधा आधीच उपलब्ध होते. ते कामगारांपर्यंत पोहोचण्यास मात्र फार काळ लागला, असे आढळते.

पूर्वेतिहास : इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्झीनी (१६३३–१७१४) याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलामा देणाऱ्या कारागिरांस पाऱ्यापासून व कुंभारांस शिशापासून होणाऱ्या विकारांचे वर्णन त्यात आहे. वैद्याने रुग्णास त्याचा व्यवसाय विचारला पाहिजे, असा आग्रह रामात्झीनीने धरला. तथापि हा ग्रंथ लॅटिन भाषेत व वैद्यांसाठी लिहिलेला होता. ज्यांच्याविषयी तो होता, त्यांना तो वाचता येण्यासारखा नव्हता.

पांढरा फॉस्फरस : एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरीत. त्याच्या वाफांमुळे कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. व्हिएन्ना येथील डॉक्टर लोरिन्झर याने १८४५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. फिनलंडने १८७२ मध्ये व डेन्मार्कने १८७४ मध्ये या आगकाड्यांवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र उत्पादन चालूच राहिले. लंडनमधील ब्रायंट अँड मे या कंपनीच्या कारखान्यातील स्त्रियांनी व मुलींनी १८८८ मध्ये संप केला. कामाच्या जागीच जेवावे लागल्याने अन्नात फॉस्फरस जाई. म्हणून जेवणासाठी वेगळी खोली देण्याचे संपाच्या तडजोडीत मान्य करण्यात आले. १८९५ च्या कायद्याने फॉस्फरस, शिसे व आर्सेनिक यांच्या विषबाधेची खबर सरकारला देणे सक्तीचे झाले. अशी खबर न दिल्याबद्दल १८९८ मध्ये याच कंपनीस दंड झाला. त्याच सुमारास निर्धोक पर्यायी द्रव्यही उपलब्ध झाले. १९०६ च्या बर्न करारान्वये अनेक यूरोपीय राष्ट्रांनी पांढऱ्या फॉस्फरसाच्या आगकाड्यांवर बंदी घातली. ब्रिटनने १९०८ मध्ये व हिंदुस्थान सरकारने १९१३ मध्ये तसा कायदा केला. रोगाचे वर्णन झाल्यापासून भारतातील बंदीपर्यंत अशी अडुसष्ट वर्षे गेली.

ब्रिटनचे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग यांची नेमणूक १८९८ मध्ये झाली. कामगार ज्या पदार्थाशी संबंध ठेवतो त्याच्या धोक्याची कल्पना त्याला दिलीच पाहिजे, ती त्याने जिवावर बेतल्यानंतर स्वतः शोधून काढू नये, असे तत्त्व त्यांनी मांडले. मालकाने आपल्याकडून सर्व उपाय केल्यावाचून कामगारास स्वतःचे रक्षण करणे जवळजवळ अशक्य असते, हेही त्यांनी सांगितले. पांढऱ्या शिशाच्या रंगांवर निर्बंध घालणाऱ्या १९२१ च्या आंतरराष्ट्रीय संकेतास ब्रिटिश सरकारने मान्यता न दिल्याने १९२६ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला.

रेडियम व व्हिनिल क्लोराइड : ज्ञान एकीकडे व धोका दुसरीकडे, अशा स्थितीची दोन ठळक उदाहरणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडली. न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथील कारखान्यात १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे रंगवीत. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्यास त्यांना शिकविले जाई. त्याच कारखान्यातील रसायनज्ञ मात्र शिशाचे पडदे व चिमटे वापरीत. अनेक मुली अस्थिविकार व रक्तक्षय यांनी मृत्यू पावल्या. त्यांच्यापैकी पाच जणींनी लावलेल्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. इलिनॉय राज्यातील ओटावा येथील अशाच एका कारखान्यात कामगार मुलींची तपासणी करण्यात आली. पण निष्कर्ष त्यांना सांगण्यात आले नाहीत.

प्लॅस्टिक निर्मितीत लागणाऱ्या व्हिनिल क्लोराइडची कथा याहून वेगळी नाही. या वायूने प्राण्यांत कर्करोग होतो, हे इटलीत चाललेल्या संशोधनावरून काही कंपन्यांना आधीच कळले होते. परंतु ते गोपनीय ठेवण्यात आले. जानेवारी १९७४ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील कामगारांत यकृताच्या अत्यंत विरळ कर्करोगाचे रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले. त्यानंतर या वायूची हवेतील कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ५०० भागांवरून एका भागावर आणण्यात आली.

माहितीचा हक्क : अशा घटनांतून ‘जाणून घेण्याचा हक्क’ ही मागणी कामगार संघटनांनी पुढे आणली. फिलाडेल्फिया शहराने १९८१ मध्ये तसा कायदा केला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या संघीय शासनाने वस्तुनिर्माण उद्योगांसाठी धोकाविषयक माहितीचे मानक जारी केले व १९८७ मध्ये ते इतर उद्योगांनाही लागू केले. प्रत्येक डब्यावर वा पिंपावर नावाची व इशाऱ्याची चिठ्ठी, प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक आणि कामगारांचे प्रशिक्षण ही त्याची प्रमुख अंगे होत. व्यापारी गुपिताच्या नावाखाली माहिती रोखण्यास त्यात मर्यादा घालण्यात आल्या. आणीबाणीच्या प्रसंगी उपचार करणाऱ्या डॉक्टरास रसायनाचे नाव सांगणे बंधनकारक ठरले.

भारत : भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एक कामगार मृत्यू पावला होता. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथून मिथिल आयसोसायनेट या वायूची गळती होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. वायूच्या गुणधर्मांची पुरेशी माहिती ना वस्तीतील लोकांना होती, ना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. वर्षभरातच, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीतील श्रीराम उद्योगसमूहाच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. फेब्रुवारी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील क्लोरीन संयंत्र पुन्हा सुरू करण्यास परवानगी देताना अटी घातल्या. क्लोरीनचे शरीरावरील परिणाम व तातडीचे उपचार सांगणारे तक्ते प्रत्येक विभागात आणि प्रवेशद्वाराशी हिंदी व इंग्रजी भाषांत लावावेत, तसेच कामगारांना प्रशिक्षण द्यावे, या त्यांपैकी होत.

१९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना अधिनियमात दुरुस्ती करून धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. धोक्यांची व बचावाची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक संस्था व परिसरातील जनता यांना देणे त्यान्वये सक्तीचे झाले. आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा, सुरक्षा समितीत सहभागी होण्याचा व निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक आवश्यक केले. ॲस्बेस्टस कामगारांविषयीच्या १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कारखाना अधिनियमासह अनेक कायदे एकत्र करण्यात आले.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९० मध्ये रसायनविषयक संकेत (क्र. १७०) स्वीकारला. गंभीर धोका उद्‌भवल्यास कामापासून दूर होण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये रसायनांच्या वर्गीकरणाची व चिठ्ठ्यांची एकसूत्री पद्धती प्रसिद्ध केली. तीत तांबड्या चौकटीतील नऊ चिन्हे असून माहितीपत्रकाचे सोळा भाग असतात. कवटीचे वा ज्वालेचे चिन्ह निरक्षरासही समजावे, हा हेतू.

माहिती व संरक्षण : माहिती ही संरक्षणाची जागा घेऊ शकत नाही. घातक रसायनाऐवजी निर्धोक रसायन वापरणे, प्रक्रिया बंदिस्त करणे, दूषित हवा उगमापाशीच खेचून घेणे हे उपाय आधीचे होत. मुखवटा व हातमोजे यांचा क्रम शेवटचा. उलट, माहितीवाचून कामगारास यांपैकी कशाचीही मागणी करता येत नाही. माहितीपत्रक कार्यालयातील कपाटात राहिले, ते कामगारास न समजणाऱ्या भाषेत असले किंवा थोड्या दिवसांसाठी आलेल्या कंत्राटी कामगारास प्रशिक्षणातून वगळले, तर कायद्याचे पालन कागदोपत्री होते. रामात्झीनीच्या ग्रंथातील ज्ञानाप्रमाणे तेही ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पिंप उघडण्यापूर्वी त्यात काय आहे, हे उघडणाऱ्यास कळणे, ही या हक्काची खरी कसोटी होय.