झोळी आणि बाबागाडी

मागील पावसाळ्याच्या आरंभीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्याहून मला विचारणा केली. त्याच्या घरीं कन्यारत्न झालें होतें आणि दीड महिन्याची झाल्यावर तिला आजी-आजोबांच्या भेटीस नंदुरबार जिल्ह्यांतील आमच्या कळसाडीस आणावयाचें होतें. प्रवासासाठीं काय काय घ्यावें, हा त्याचा प्रश्न. दुकानांत बाबागाड्या, छातीशीं बांधावयाच्या पिशव्या आणि मोटारींत ठेवावयाच्या खुर्च्या यांची रांग लागलेली, आणि दुकानदाराच्या मतें त्यांतील प्रत्येक वस्तु आवश्यक! इतिहासाच्या मास्तराला हा प्रश्न विचारण्यांत त्यानें चूक केली, असें मला वाटत नाहीं. प्रत्येक साधनामागें एक रस्ता असतो; तो ओळखला म्हणजे निवडीचें काम पुष्कळसें हलकें होतें.

तान्ह्या मुलाचा सर्वांत प्रसिद्ध प्रवास आपल्या घराघरांत श्रावणांत सांगितला जातो. वसुदेवाच्या वाटेंत नदी होती, म्हणून त्यानें डोक्यावर पाटी घेतली. पाठीशीं बांधलेलें बाळ पाण्यांत गेलें असतें. झांशीच्या राणीच्या चित्रांतून मात्र रस्त्यापेक्षां चित्रकाराची हौसच अधिक दिसते. तिच्या पाठीशीं कित्येकदां अगदीं तान्हें मूल बांधलेलें असतें. वस्तुतः दामोदरराव १८५८ सालीं आठ वर्षांचा झालेला होता.

आमच्या खानदेशाकडील साधन म्हणजे झोळी. धुऊन धुऊन मऊ झालेलें जुनें लुगडें घ्यावें, त्याचीं टोकें बांधावीं, कीं झाली झोळी. ती आईच्या अंगाशीं बांधतां येते, शेताच्या बांधावरील झाडाला टांगतां येते, बैलगाडीच्या छताखालीं लोंबवितां येते. १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापीखोऱ्यांत आगगाडी आली, तेव्हां झोळीही तिच्यांत चढली. समोरासमोरच्या दोन फळ्यांना बांधलेल्या झोळींत निजलेलें मूल मीं स्वतः कितीतरी वेळां पाहिलें आहे. दिवाळीनंतर जिल्ह्यांतील अनेक कुटुंबें बारडोलीच्या बाजूस ऊसतोडीस जातात, त्यांच्या सामानांत कोयता, भांडीं आणि झोळी हीं असावयाचींच. सातपुड्याच्या ज्या पाड्यांपर्यंत रस्ता पोहोंचला नाहीं, तेथून अडलेल्या बाळंतिणीलाही बांबूला बांधलेल्या झोळींतूनच खालीं आणावें लागतें. तिच्यासाठीं झोळी ही निवड नव्हे. रस्ता नाहीं म्हणून ती आहे. झोळीची थोरवी गातांना हें विसरूं नये.

बाबागाडीचें कूळ अगदीं निराळें. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या इंग्रज रचनाकारानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली; ती शेळीनें किंवा लहानशा तट्टानें ओढावयाची. म्हणजे ती मुळांत उद्यानांतील खेळणें होती. १८५३ सालीं चार्ल्स बर्टन यानें मागून ढकलण्याच्या गाडीचें पेटंट घेतलें, आणि लंडनच्या फरसबंद रस्त्यांवर ती चालूं लागली. १९६५ सालीं ओवेन मॅकलॅरन या विमानविद्येच्या अभियंत्यानें छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली. परंतु मिटली काय आणि न मिटली काय, तिला गुळगुळीत जमीन हवीच. माझ्या थोरल्या नातवासाठीं मुंबईच्या पाहुण्यांनीं अशीच एक सुरेख गाडी पाठविली होती. पहिल्याच पावसांत तिचीं चाकें अशीं रुतलीं कीं, बाळ सुनेच्या छातीशीं आणि गाडी माझ्या डोक्यावर, अशी आमची वरात घरीं पोहोंचली. पुढें त्या गाडींत आम्हीं लसूण वाळविला.

गंमत अशी कीं, पाश्चात्त्य जग फिरून झोळीकडेच वळलें. ॲन मूर ही अमेरिकन परिचारिका आफ्रिकेंतील टोगो देशांत काम करीत असतां, तेथील आया मुलें पाठीशीं बांधून निर्धास्त हिंडतात, हें तिनें पाहिलें. १९६९ सालीं तिनें तशाच पिशवीचें पेटंट घेतलें. त्याच्या पुढच्या दशकांत कोलंबियांतील बोगोटा शहरीं डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनीं कमी वजनाचीं नवजात बालकें आईच्या उघड्या छातीशीं ठेवण्याची पद्धति सुरू केली, कारण आईच्या अंगाची ऊब मुलाला राखते. झोळी असो वा पिशवी, बाळाचें तोंड उघडें व दिसतें असावें आणि हनुवटी छातीवर दुमडलेली नसावी. तशी ती दुमडली तर श्वास कोंडतो.

मोटारींत मात्र झोळीचा अभिमान उपयोगाचा नाहीं. अकस्मात् धक्का बसला तर आईचे हात मूल धरून ठेवूं शकत नाहींत. तान्ह्याचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारें चतुर्थांश असतें आणि मान तर कोंवळी. म्हणून स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनीं १९६४ च्या सुमारास अंतराळवीरांच्या आसनावरून कल्पना घेऊन, मुलाचें तोंड गाडीच्या मागील बाजूस राहील अशी खुर्ची सुचविली; तींत आघात सर्व पाठीवर विभागला जातो. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलास पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षें वयाच्या मुलास शिरस्त्राणही हवें आणि वेग ताशीं ४० किलोमीटरहून अधिक नको, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. नऊ महिन्यांखालील मुलाच्या शिरस्त्राणाचें त्यांत नांवच नाहीं. तें दुचाकीवर नसावेंच, असा मी त्याचा अर्थ घेतों. आणि आमच्याकडे तर दवाखान्यांतून बाळ-बाळंतीण मोटारसायकलवरूनच घरीं येतात! चार दिवसांच्या त्याच नातवाला आम्हींही तसेंच आणलें होतें. एका वळणावर चाक घसरलें, मुलानें पाय टेकून गाडी सांवरली, आणि सून मागें घट्ट डोळे मिटून बसली होती. त्या दिवशीं कांहीं झालें नाहीं, हें आमचें शहाणपण नव्हे.

तेव्हां विद्यार्थ्याला मीं सांगितलें, पैसे खर्चावयाचेच तर मोटारींतील खुर्चीवर खर्च. वाटेंत वेळोवेळीं थांबून बाळाला बाहेर काढून घे. बाबागाडी पुण्याच्या बागेंत फिरव. झोळीचें मी येथें पाहतों. त्याप्रमाणें मंडळी आली. माझ्या पत्नीनें तिच्या सासूबाईंचें लुगडें मुद्दाम जपून ठेविलें होतें. परंतु उन्हांत धरून पाहिलें तों तें मध्येंच विरलेलें निघालें, आणि ऐन वेळीं शेजारच्या वहिनींकडून सुती चादर मागून आणावी लागली.